थेंबाचा धनी

कोलकात्यास बदली होऊन आलेल्या महाराष्ट्रीयाला पहिल्या वर्षी माशांविषयी सल्ले मिळतात आणि दुसऱ्या वर्षी मिठाईविषयी. मांसाचा विषय सहसा तिसऱ्या वर्षी निघतो. आमचेही तसेच झाले. कचेरीतील एका अँग्लो-इंडियन स्नेह्याने नाताळच्या सुमारास बो बराक्समधील आपल्या घरी जेवावयास बोलाविले, आणि भाजलेल्या मटणाबरोबर जो तपकिरी रस वाढला गेला त्याचे नाव विचारता 'ग्रेव्ही' असे उत्तर आले. आम्ही चपापलो. पुण्या-मुंबईच्या खाणावळीत ग्रेव्ही म्हणून आम्ही जे आजवर खात आलो ते कांदा, टोमॅटो, आले-लसूण आणि गरम मसाला यांचे वाटण. या रसात त्यांपैकी काहीच नव्हते, आणि तरीही मांसाची चव मांसापेक्षा त्यातच अधिक होती.

स्नेह्यांच्या मातोश्रींनी आम्हांला स्वयंपाकघरात नेऊन कृती दाखविली. ती अशी. भट्टीतून मटण काढून बाजूस ठेवायचे. ज्या पसरट थाळ्यात ते भाजले त्याच्या तळाशी दोन वस्तू उरतात: मांसातून ठिबकलेली पातळ चरबी आणि तळाला चिकटलेली काळसर खरवड. थाळा तिरका धरला की चरबी वर तरंगते. ती चमच्याने काढून एका चिनी मातीच्या बरणीत ओतावयाची, थाळ्यात पळीभर तेवढी ठेवायची. मग तीत चमचाभर मैदा टाकून मंद आचेवर बदामी रंग येईतो परतावयाचा. त्यावर बटाटे उकडलेले पाणी किंवा हाडांचा काढा ऊन ऊन, थोडा थोडा घालीत लाकडी उलथन्याने तळाची खरवड सोडवीत राहावयाचे. मीठ, मिरी, आणि गाळून घेणे. बाईंनी शेवटी एक हिरवी मिरची उभी चिरून टाकली व म्हणाल्या की, ही इंग्लंडात घालीत नाहीत.

यामागचे शास्त्र अवघड नाही. मैद्याचा प्रत्येक कण आधी चरबीत भिजला की पाण्यात त्याच्या गुठळ्या होत नाहीत; कण सुटे सुटे फुगतात आणि रस दाट होतो. तळाची जी खरवड आपण घासून टाकतो तिच्यातच खरी रुची असते, कारण मांसातील प्रथिने व शर्करा यांचा उष्णतेने संयोग होऊन ती बनलेली असते. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हा संयोग प्रथम १९१२ साली वर्णिला. आपल्याकडे सुक्या मटणाची कढई रिकामी झाल्यावर तीत भात कालवून किंवा भाकरीने पुसून खाणारी मुले मायारच्या कितीतरी आधीपासून शहाणी होती.

ग्रेव्ही या शब्दाची कुळकथा कारकुनी पेशाच्या वाचकांना विशेष रुचेल. हा शब्द जुन्या फ्रेंच 'ग्राने' या शब्दावरून आला आणि कोणा नकलनवीसाने हस्तलिखित उतरताना 'न' च्या जागी 'व' वाचला, असे कोशकारांपैकी बहुतेक मानतात. चौदाव्या शतकातील इंग्रजी पाककृतींत तो चुकलेल्या रूपातच स्थिरावलेला दिसतो. एका कारकुनाची चूक सहाशे वर्षे टेबलावर वाढली जाते, आणि आमची एक शून्याची चूक लेखापरीक्षक सहा महिने विसरत नाही!

परंतु या रसाचे आणखी एक नाव आहे आणि ते घरचे आहे. शिजलेल्या मांसाच्या रसाला संस्कृतात 'यूष' म्हणतात. लॅटिनमध्ये अशाच रसाला 'यूस' म्हणत. त्यापासून फ्रेंच 'ज्यू' व इंग्रजी 'ज्यूस' निघाले, आणि रशियन लोक माशाच्या सुपाला 'उखा' म्हणतात तोही याच गोत्रातला. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळच्या असाव्यात, हा विचार सर विल्यम जोन्स याने १७८६ च्या फेब्रुवारीत याच शहरात एशियाटिक सोसायटीपुढे मांडला. पुढे विद्वानांनी या भाषांतील शब्दांच्या ज्या जोड्या जुळविल्या त्यांत यूष आणि यूस हीही एक जोडी आहे. पार्क स्ट्रीटवरील सोसायटीच्या इमारतीवरून जाताना आम्हांला आता जोन्ससाहेबाबरोबर मटणाचा वासही आठवतो.

यूषाच्या जोडीला ठिबकणाऱ्या चरबीचाही फार जुना उल्लेख सापडतो. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६२ वे सूक्त अश्वमेधातील अश्वाविषयी आहे. त्यात मांस शिजविण्याची हंडी, यूष ओतण्याची पात्रे, मांसाचा सुटलेला वास घेणारे लोक, सारे येते. अकराव्या ऋचेत तर शूलावर भाजल्या जाणाऱ्या अंगावरून जे ओघळते त्याचीच काळजी वाहिली आहे: ते मातीत अथवा गवतात वाया न जाता देवांच्या वाट्यास जावे, अशी तेथे इच्छा आहे. पशुयागात वसेचा स्वतंत्र होम असे. आयुर्वेदानेही तूप व तेल यांच्या बरोबरीने वसा आणि मज्जा यांना चार स्नेहांत स्थान दिले. राजेंद्रलाल मित्र यांनी १८७२ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्राचीन भारतातील गोमांसभक्षणावर निबंध लिहून हा सारा कोनाडा उजेडात आणला, तेव्हा कलकत्त्याच्या सनातनी मंडळींना तो मुळीच रुचला नव्हता. आम्हांला येथे एवढेच नोंदवावयाचे आहे की, खाली पडणाऱ्या थेंबाचा धनी कोण, हा प्रश्न आपल्याकडे अत्यंत प्राचीन आहे आणि त्याचे पहिले उत्तर 'देव' असे होते.

इंग्लंडात त्याचे उत्तर 'स्वयंपाकीण' असे होते. मोठ्या घरांतील भाजल्या मांसाची चरबी हा स्वयंपाकिणीचा हक्क मानला जाई. ती साठवून ती मेणबत्त्या व साबण करणाऱ्यांना विकी आणि वेतनाला जोड मिळवी. मालकिणीला वाटे की, ही बाई हक्काच्या लोभाने मांस जास्त चरबट घेते आणि लोणीसुद्धा त्याच भांड्यात सोडते. गरिबांच्या घरी हा वादच नव्हता. तेथे गोठलेली चरबी पावावर मीठ लावून खात आणि तेच जेवण असे. मांसाखाली थाळा ठेवून त्यात पिठाचे घावन भाजण्याची युक्तीही तेथलीच. १७४७ साली हॅना ग्लास या बाईने आपल्या पुस्तकात त्याला यॉर्कशर पुडिंग हे नाव देऊन ते प्रसिद्ध केले.

हा थाळा आणि हा वाद घेऊनच साहेब कलकत्त्यास उतरला. १७८० साली एलायझा फे नावाची एका बॅरिस्टराची पत्नी येथे आली. तिच्या पत्रांवरून कंपनीच्या काळातील मध्यम साहेबी घराचे जेवण डोळ्यांपुढे उभे राहते. दुपारी दोन वाजता, ऐन उन्हात, सूप, भाजलेली कोंबडी, करी-भात, मटणाची पाई, कोकराचा पुढचा भाग, पुडिंग आणि वर मदिरा! अख्खे मेंढरू दोन रुपयांस मिळत होते. (हे जेवण आपल्या पूर्वजांच्या भीतीने खणलेल्या मराठा खंदकाच्या आत बसून चालले होते, १७४२ सालचा तो खंदक पुढे १७९९ साली बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला.) याच फेबाईने आपल्या खानसाम्याला एकदा पकडले. शेर-दीडशेर कस्टर्ड करून त्याने गॅलनभर दूध आणि तेरा अंडी हिशेबात लाविली होती. बाईने रक्कम नाकारली आणि खानसाम्याने नोकरी सोडण्याची नोटीस दिली. तेरा अंड्यांचे जे झाले ते थाळ्यातील चरबीचे झाले नसेल असे मानण्यास आम्ही तयार नाही. खरेदीवर दस्तुरी आणि उरल्यासुरल्यावर हक्क, हा बावर्चीखान्याचा अलिखित कायदा होता. बावर्चीखाना बंगल्यापासून दूर, आवाराच्या टोकाला असे. मेमसाहेब तेथे क्वचितच पाऊल टाकी. पुढे १८८० च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी नवख्या मेमसाहेबांसाठी जो जाडजूड मार्गदर्शक ग्रंथ लिहिला त्यातला मुख्य उपदेश हाच: कोठीची किल्ली कमरेला ठेवा आणि हिशेब रोज घ्या.

त्या पुस्तकांतून स्वयंपाक्याची बाजू कोठेच नाही. आठ-दहा रुपड्यांच्या नोकरीत, धुराने भरलेल्या खोलीत, भट्टीच्या जागी डेगचीच्या झाकणावर निखारे ठेवून तो चार पदार्थ एका वेळी काढीत होता, आणि त्याच्या अंगी असलेल्या या कसबाला साहेबी पुस्तकांत 'अस्वच्छता' म्हटलेले आढळते. या बावर्च्यांत चित्तगावकडील मग लोकांची कीर्ती सर्वांत मोठी होती. ते बौद्ध. हिंदू स्वयंपाकी गोमांसाला आणि मुसलमान स्वयंपाकी डुकराच्या मांसाला हात लावीत नसे. मगाला दोन्ही चालत. त्यामुळे साहेबाच्या घरी, आगबोटीवर आणि क्लबात त्यांची चलती झाली. थाळ्यातला थेंब कोणत्या जनावराचा, हा प्रश्न न विचारता त्याचा रस करू शकणारा माणूस या शहरात हाच होता.

तरीही अस्सल इंग्रजी ग्रेव्ही येथे रुजली नाही. कारणे साधी होती. बंगाली मेंढराच्या अंगावर ठिबकण्याजोगे फारसे नसे. म्हणून साहेबलोक हरभऱ्यावर मेंढ्या पोसू लागले, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तर चार कुटुंबे मिळून 'मटण क्लब' काढीत. कळप सामाईक, आणि कापलेल्या मेंढराचा चतुर्थांश पाळीपाळीने प्रत्येकाकडे. बदलीच्या गावी दूध नि वर्तमानपत्र भागीत घेणाऱ्या आपल्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. दुसरे कारण हवा. सकाळी कापलेले मांस संध्याकाळी टिकत नसे. बॉस्टनहून बर्फ भरलेले पहिले जहाज १८३३ साली हुगळीत आले, पण तो बर्फ प्रामुख्याने पेयांसाठी. इंग्लंडात रविवारचा थाळा बुधवारपर्यंत पुरे. येथे बरणीतली चरबी जेठात दुसऱ्या दिवशी खवट होई आणि उरलेले थंड मांस त्याच रात्री पुन्हा चुलीवर चढवावे लागे. तेव्हा बावर्चीने आपली बुद्धी चालविली. थंड रोस्टचे तुकडे, भरपूर कांदा, मिरच्या, आणि थाळ्यात उरलेली तीच चरबी घेऊन त्याने एक कोरडा झणझणीत पदार्थ काढला आणि त्याचे नाव पडले झाल-फ्रेझी. झाल म्हणजे बंगालीत तिखट. आज जगभरच्या हिंदुस्थानी खाणावळींतून जो 'जालफ्रेझी' विकला जातो त्याचा जन्म असा कालच्या उष्ट्यात आहे. ग्रेव्ही हा शब्द मात्र साहेबाच्या तोंडून बावर्चीच्या कानी पडत राहिला. त्याने तो भाजल्या मांसापासून सोडवून आपल्या मसाल्याच्या रश्शाला चिकटविला, आणि रेल्वेची उपाहारगृहे, डाकबंगले व हॉटेले यांतून तो फिरत फिरत आपल्या पुण्या-मुंबईपर्यंत पोहोचला असे आम्हांस वाटते.

थेंब वाया न घालविण्याची दुसरी एक रीत याच शहरात लखनौहून आली. नबाब वाजिद अली शाह १८५६ साली राज्य गमावून मटियाबुर्जास येऊन राहिला. त्याच्या बावर्च्यांच्या दम पद्धतीत हंडीचे तोंड कणकेने लिंपतात. मांसातून जे गळते ते बाहेर जातच नाही. तांदूळ ते पितो आणि कलकत्त्याच्या बिर्याणीत बटाटाही पितो. नबाबाला मांस परवडेना म्हणून बटाटा आला, ही लोकप्रिय कथा आम्ही मानीत नाही. ज्याला महिना लाख रुपये तनखा होता त्याला मटण परवडत नव्हते, हे कोणत्या हिशेबात बसावे? आम्हांला तर त्या बटाट्यात आणि यॉर्कशरच्या घावनात एकच बुद्धी दिसते.

येथवर थेंबाची कथा रुचीची झाली. परंतु कलकत्त्यास चरबीच्या थेंबाने दोनदा हादरा दिला आहे. पहिला प्रसंग सर्वश्रुत आहे. नव्या एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसांना चरबी लावलेली असून ती गाईची व डुकराची आहे, ही वार्ता १८५७ च्या जानेवारीत डमडमच्या छावणीत फुटली. हे डमडम म्हणजे आपल्या आजच्या विमानतळाचा परिसर. एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे लोटाभर पाणी मागितले, शिपायाने जात काढली, आणि तो उत्तरला की, लवकरच तुम्ही दातांनी तोडाल ते पाहा. २२ जानेवारीस कॅप्टन राइट याने हे वरिष्ठांस कळविले. सरकारने शिपायांस आपले तूप-मेण लावण्याची मुभा दिली, पण उशीर झाला होता. २९ मार्चला बराकपुरास मंगल पांडे उठला. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी ही काडतुसांची वार्ता प्रवासात ऐकली आणि 'माझा प्रवास'मध्ये नमूद केली, म्हणून मराठी घरांत ती इतिहासाच्या पुस्तकांहून अधिक ओळखीची आहे. येथे थेंबाचा धनी कोणालाच व्हावयाचे नव्हते. प्रत्येकजण तो आपला नव्हे असे सांगत होता.

दुसरा प्रसंग आपल्याकडे फारसा ठाऊक नाही. १९१७ साली बडाबाजारातील तुपात प्राण्यांची चरबी मिसळली जाते असे उघड झाले. शहरात आकांत उडाला. ब्राह्मणांनी हुगळीच्या काठी उपोषण व प्रायश्चित्ते केली. मारवाडी असोसिएशनने आपल्यातील व्यापाऱ्यांस दंड ठोठावले आणि बंगाल सरकारला भेसळीच्या तुपाविरुद्ध घाईने कायदा करावा लागला. वाचकांनी हा विरोधाभास पाहावा. वसा ही वेदकाळी होमात पडत होती. आता तीच तुपातून होमात पडते या भयाने लोक अन्न टाकून बसले. दोष वसेचा नव्हता, फसवणुकीचा होता, हे खरे. तथापि उघड्या थाळ्यातली चरबी मनुष्य डोळ्यांनी पाहून घेतो किंवा नाकारतो. डब्यातल्या चरबीला तो अधिकारच राहत नाही. त्या सतरा सालच्या माणसांचा संताप आम्हांला म्हणूनच समजतो.

आणि एक थेंब असा आहे की, ज्याच्याविषयी लिहिताना आमची लेखणी जड होते. तो मांसाचा नव्हे, भाताचा. बंगालात भात पुष्कळ पाण्यात शिजवून वरचे पाणी निथळून टाकतात. त्याला 'फ्यान' म्हणतात. कोकणात याच पाण्याची पेज सकाळी सारे घर पिते. येथे ते बहुधा गाईपुढे जाई. १९४३ च्या दुष्काळात खेड्यांतून चालत कलकत्त्यास आलेले लोक दारोदार जाऊन भात मागत नव्हते. भात कोणी देणार नाही हे त्यांना कळले होते. ते फ्यान मागत होते. त्या वर्षीच्या उपासमारीने आणि तिच्यामागून आलेल्या रोगांनी बंगालात किती माणसे मेली याचा सरकारी चौकशी समितीचा अंदाज पंधरा लाखांचा होता. नंतरचे अभ्यासक तो तीस लाखांच्या आसपास नेतात. युद्ध चालू होते, शहर सैनिकांनी भरले होते आणि चौरंगीवरील हॉटेलांत रोस्ट व ग्रेव्ही वेळेवर वाढली जात होती. झैनुल आबेदिन याने काळ्या शाईने काढलेली त्या दिवसांची चित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना डब्याच्या तळाशी वाकलेली ती माणसे विसरता येणार नाहीत. बिजन भट्टाचार्य यांचे 'नबान्न' नाटक पुढच्याच वर्षी, १९४४ साली, रंगभूमीवर आले. आमच्या शेजारच्या वृद्ध बंगाली गृहिणी आजही फ्यान मोरीत ओतीत नाहीत. कारण विचारले तर 'सवय' म्हणतात.

कचेरीच्या मधल्या सुट्टीत आम्ही कधी कधी डेकर्स लेनमध्ये जातो. आता ती जेम्स हिकी सरणी. फेबाई ज्या वर्षी या शहरात आली त्याच १७८० साली हिकीने आपले वृत्तपत्र काढले. लाकडी बाकावर बसून येथे कारकूनवर्ग स्ट्यू आणि भाजलेला पाव खातो. साहेबाच्या टेबलावरून उतरून हा पदार्थ बाबूंच्या हाती कधी आला याची तारीख कोणी लिहून ठेवलेली नाही, परंतु पातळ रसात पपई-गाजराचे तुकडे आणि मांसाचा एखादा, हे त्याचे रूप पगाराशी जुळणारे आहे. पाव शेवटी वाटीत फिरवून वाटी कोरडी करण्याची रीत तेथे सर्व वेतनश्रेणींत समान दिसते.

बो बराक्सच्या त्या घरी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मातोश्रींनी चिनी बरणी उघडून दाखविली. नाताळची चरबी पांढरी, घट्ट, वर बोटभर जाडीची. खाली तपकिरी रसाचा थर गोठून बसलेला. शीतकपाट आल्यापासून ती येथेही टिकते. पूर्वी त्यांच्या आईकडे असलेला मग स्वयंपाकी ही बरणी शनिवारी घरी नेत असे आणि त्यांच्या आईने त्याला कधी विचारले नाही, असे त्या सहज म्हणाल्या. मग त्यांनी तळाचा तपकिरी थर आमच्यासाठी पावावर लावला, वर मीठ भुरभुरले, आणि चहा ओतावयास आत गेल्या.